डॉक्टरांच्या शेजारची माणसे

सोलापूरच्या एका शिक्षकाच्या घरात गेल्या जून महिन्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. थोरल्या काकांचे हृदयाची झडप बदलण्याचे ऑपरेशन पुण्यात व्यवस्थित पार पडले आणि घरातल्या मुलीचा 'नीट'चा निकाल लागला. ऑपरेशनचे पेढे वाटले गेले. निकालाबद्दल मात्र कुणी फारसे बोलले नाही. मुलीचा हा दुसरा प्रयत्न होता.

अशी घरे गावोगावी आहेत. २०२५ साली देशभरातून बावीस लाखांहून अधिक मुलामुलींनी नीट दिली आणि त्यातली बारा लाखांहून अधिक पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. त्यातही सरकारी कॉलेजची फी परवडणारी, खासगीची आवाक्याबाहेरची. म्हणजे 'पास' होऊनही दहातल्या नऊ जणांना डॉक्टरकीचे दार बंदच. मग घरात सल्ल्यांची रांग लागते. सोलापूरच्या या घरातही लागली. आत्या म्हणाली, "अजून एक वर्ष घे गं, एवढं केलंस तर." शेजारच्या काकूंनी सुचवले, "बीएस्सी करून बँकेच्या परीक्षा दे." वडिलांच्या एका सहकाऱ्याने सांगितले, "सर, पॅरामेडिकलचं बघा की." हे ऐकून आजीने कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे कंपाउंडरच की! त्यासाठी का पोरीनं रात्रीचा दिवस केला?"

मुलगी काहीच बोलली नाही. काकूंच्या सोबतीला म्हणून ती पुण्याच्या हॉस्पिटलात आठ दिवस राहून आली होती. तिथे बसल्या बसल्या तिने काकांची जाडजूड फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती.

फाईलमधल्या सह्या

त्या फाईलमध्ये सर्जनचे नाव ठळक होते. पण खाली, चौकटीचौकटींत, इतरही अनेक सह्या होत्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्ताचे नमुने घेणारा आणि तपासणारा लॅब टेक्नॉलॉजिस्ट. छातीचा एक्स-रे काढणारी रेडिओग्राफर. रक्तपेढीत काकांच्या गटाचे रक्त जुळवून पाहणारा तंत्रज्ञ. भुलीच्या डॉक्टरांच्या हाताशी यंत्रे आणि नळ्या तयार ठेवणारा ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजिस्ट.

आणि एक सही होती परफ्युजनिस्टची. हा शब्द घरात कुणी ऐकलेला नव्हता. झडप बदलायची तर हृदय काही काळ थांबवावे लागते. तेवढ्या वेळात शरीरातले रक्त एका यंत्रातून फिरवले जाते. ते यंत्र रक्तात प्राणवायू मिसळते आणि पुन्हा शरीरात पाठवते. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉन गिबन या सर्जनने १९५३ साली असे यंत्र वापरून माणसाच्या हृदयाचे ऑपरेशन यशस्वी केले आणि हृदय-शस्त्रक्रियेचा रस्ता मोकळा झाला. आज ते यंत्र चालवण्याचे काम परफ्युजनिस्टचे. रक्ताचा प्रवाह किती, तापमान किती, रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाचा परिणाम टिकला आहे की नाही, रक्तातल्या वायूंचे प्रमाण काय, यावर त्याची नजर सतत असते. सर्जनचे लक्ष झडपेवर असते, तेव्हा बाकीचे शरीर जिवंत ठेवण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात या माणसावर असते. नातेवाईकांना तो कधी दिसतही नाही.

ऑपरेशननंतर दिसली ती फिजिओथेरपिस्ट. छातीवर टाके असताना खोकायची काकांना भीती वाटत होती. तिने एक उशी छातीशी घट्ट धरायला लावली आणि तशी धरून खोकायला शिकवले. तीन चेंडूंचे ते प्लॅस्टिकचे यंत्र तोंडाला लावून श्वास आत ओढायला शिकवले. फुप्फुसात कफ साठून राहिला तर चांगल्या झालेल्या ऑपरेशनवरही पाणी पडू शकते, हे तिने काकूंना समजावून सांगितले. मग काकांना बसवले, उभे केले, व्हरांड्यात चालवले.

घरी सोडायच्या दिवशी आहारतज्ज्ञ आली. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची घ्यावी लागते. मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांतल्या 'के' जीवनसत्त्वाचा त्या गोळीच्या परिणामाशी थेट संबंध असतो. "भाजी बंद करायची नाही. पण एक आठवडा रोज आणि दुसरा आठवडा अजिबात नाही, असंही करायचं नाही. प्रमाण सारखं ठेवा," असे तिने सांगितले. आणि ठरल्या तारखांना रक्ताची 'आयएनआर' तपासणी. तो आकडा चुकला तर गोळीचा डोस चुकतो. डोस चुकला तर एकीकडे रक्तस्राव आणि दुसरीकडे झडपेवर गुठळी, असे दोन्हीकडून संकट. म्हणजे पुन्हा लॅबमधल्या त्या माणसाच्या काटेकोरपणावर काकांचा जीव.

या सगळ्या माणसांच्या कामाला आज एक सामूहिक नाव आहे. संलग्न आरोग्य विज्ञान, म्हणजेच अलाइड हेल्थ सायन्सेस. बारावीनंतर त्यात पदवी घेता येते.

नवी नाही ही वाट

ही कालपरवा निघालेली टूम आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे अपंगत्व किंवा आजारातून उठलेल्या माणसाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार, शिकवणारी संस्था मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली सुरू झाली. ती उभी करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्न करून महाराष्ट्राच्या सूनबाई झालेल्या. पुढे १९५३ साली मुंबईतच फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. म्हणजे या शिक्षणाने आपल्याकडे सत्तरी ओलांडली आहे.

उणीव होती ती कायद्याची. डॉक्टरांना परिषद होती, परिचारिकांना होती, औषधविक्रेत्यांना होती. या मंडळींसाठी काही राज्यांनी आपापले कायदे केले. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची स्वतंत्र परिषद आहे, पॅरामेडिकल परिषदेचा कायदाही आहे. पण देशभर एकच माप नव्हते. परिणामी, चार वर्षे घासून शिकलेला आणि कुठल्याशा गाळ्यात सहा महिन्यांचा कोर्स केलेला, दोघेही 'टेक्निशियन' म्हणूनच ओळखले जात.

२०२१ साली संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्य व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात या व्यवसायांचे दहा गट पाडले आहेत. वैद्यकीय प्रयोगशाळा, ऑपरेशन थिएटर व भूल तंत्रज्ञान, फिजिओथेरपी, पोषण, नेत्रविज्ञान, ऑक्युपेशनल थेरपी, मानसिक आरोग्य व समाजातील सेवा, रेडिओलॉजी व इमेजिंग, डायलिसिस किंवा परफ्युजनसारखी वैद्यकीय तंत्रे आणि आरोग्य-माहिती व्यवस्थापन.

कायद्याने शिक्षणाचे किमान तासही ठरवून दिले. 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचे शिक्षण हवे. स्वतंत्र 'आरोग्यसेवा व्यावसायिक' व्हायला तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तासांची पदवी हवी. पालकांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. रिक्षाच्या पाठीमागे 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी' अशी जाहिरात दिसली की हे आकडे आठवावेत.

काय शिकतात, किती वर्षे?

बहुतेक अभ्यासक्रमांना बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, थोडे सूक्ष्मजीवशास्त्र. हे सगळ्यांना जवळपास सारखे. दुसऱ्या वर्षापासून ज्याची त्याची वाट वेगळी. रेडिओलॉजीचा विद्यार्थी किरणांचे भौतिकशास्त्र शिकतो, लॅबचा विद्यार्थी रक्तपेशी ओळखायला, डायलिसिसचा विद्यार्थी मूत्रपिंडाचे काम आणि पाण्याची शुद्धता. शेवटचे वर्ष किंवा सहा महिने हॉस्पिटलात इंटर्नशिप.

लॅब, रेडिओलॉजी, ऑप्टोमेट्री अशा पदव्या साधारण तीन वर्षे अधिक एक वर्ष इंटर्नशिप अशा असतात. फिजिओथेरपीला साडेचार ते पाच वर्षे लागतात. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या दोषांवरचा पदवी अभ्यासक्रमही चार वर्षांचा. त्याची नोंदणी मात्र वेगळीकडे, १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही या विषयातली जुनी नावे.

प्रवेशाच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. महाराष्ट्रात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वाक्-श्रवणाच्या पदवीला नीटचेच गुण लागतात. म्हणजे एमबीबीएसला कमी पडलेले गुण इथे उपयोगी पडतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतूनही शिकवली जाते. तिच्यात लॅब, रेडिओग्राफी, भूल, ऑपरेशन थिएटर, हृदयविकार, परफ्युजन अशा शाखा आहेत. दिल्लीचे एम्स, चंदीगडची पीजीआय, पुदुच्चेरीची जिपमर, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांच्याकडेही असे अभ्यासक्रम आहेत. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी घरांनी राज्याच्या रहिवासाच्या अटी आधी पाहाव्यात. एम्ससारख्या ठिकाणी देशभरातून अर्ज करता येतो, पण त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते. तिच्या अर्जाची मुदत नीटच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही. तेव्हा बारावीच्या वर्षातच तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

काय करता येत नाही, तेही समजून घ्या

या शिक्षणाबद्दल गैरसमज दोन टोकांचे आहेत. एक आजीचा, 'कंपाउंडरच की'. दुसरा काही जाहिरातदारांचा, 'डॉक्टरच होणार की'. दोन्ही चूक.

या पदवीवरून एमबीबीएसच्या मधल्या वर्षात प्रवेश मिळत नाही. डॉक्टर व्हायचे तर नीट देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. 'आधी हे करू, मग तिकडे वळू' या हिशेबाने कुणी इथे येऊ नये.

परदेशात सोनोग्राफी तंत्रज्ञ पुष्कळ असतात, म्हणून काही मुले तसे स्वप्न घेऊन रेडिओलॉजीला येतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी १९९४चा कायदा आहे. त्याखाली गर्भवतीची सोनोग्राफी ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांनीच करायची असते. तंत्रज्ञाचे खरे क्षेत्र एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय. लॅब टेक्नॉलॉजिस्ट तपासणी करतो, पण त्यावरून रोगाचे निदान सांगणे हे डॉक्टरांचे काम. फिजिओथेरपिस्ट आणि ऑप्टोमेट्रिस्ट यांना तुलनेने स्वतंत्रपणे काम करता येते. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढून चष्मा देऊ शकतो, मोतीबिंदूचे ऑपरेशन करू शकत नाही.

मुलींच्या आईवडिलांची एक शंका हमखास असते, किरणांची. एक्स-रे विभागात काम करणाऱ्याच्या अंगावर एक छोटा बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किती किरणे पडली हे तो बिल्ला ठरावीक काळाने तपासून कळते. वर्षाची मर्यादा ठरलेली असते, भिंती आणि दारे त्या हिशेबाने बांधलेली असतात. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच, तिथे चुंबक असतो. नियम पाळणाऱ्या विभागात घाबरण्याचे कारण नाही. नियम न पाळणाऱ्या ठिकाणी नोकरीच करू नये, मग पगार कितीही असो.

पगाराचेही सरळच बोलावे. लहान खासगी दवाखान्यात पहिली काही वर्षे पगार बेताचाच असतो. रात्रपाळ्या असतात. दिवाळीच्या दिवशी ड्यूटी लागते. सरकारी रुग्णालये, रेल्वे, कामगार विमा योजनेची रुग्णालये, एम्ससारख्या संस्था इथे पगार आणि सुरक्षितता चांगली, पण जागांना स्पर्धा फार. पुढे पदव्युत्तर शिक्षण, अध्यापन, हॉस्पिटल व्यवस्थापन अशा वाटा आहेत. परदेशी जायचे तर त्या त्या देशाची वेगळी नोंदणी किंवा परीक्षा लागते. आपल्या पदवीचे कागद तिथे आपोआप चालत नाहीत.

कॉलेज पाहताना

सोलापूरच्या शिक्षकांनी मुलीला घेऊन दोन कॉलेजे पाहिली. पहिल्याची इमारत चकचकीत, स्वागतकक्षात कारंजे, हातात रंगीत माहितीपत्रक. "हॉस्पिटल कुठे आहे?" या प्रश्नावर "टाय-अप आहे" एवढेच उत्तर मिळाले. कुणाशी, किती दिवसांचे, हे कुणाला सांगता येईना. दुसऱ्या कॉलेजची इमारत जुनी, भिंतींना पोपडे. पण बाह्यरुग्ण विभागात पेशंटची रांग दारापर्यंत, आणि तिसऱ्या वर्षाची मुले प्रत्यक्ष पेशंटना व्यायाम शिकवत होती, शेजारी मॅडम उभ्या होत्या. परतीच्या एसटीत बापलेकींना फारशी चर्चा करावी लागली नाही.

प्रत्येक पालकाने काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का, आणि नेमक्या त्याच अभ्यासक्रमाला संबंधित परिषदेची परवानगी आहे का? विद्यापीठ खरे असले तरी एखादा कोर्स बिनपरवानगीचा असू शकतो. पदवीच्या कागदावर नेमके कोणते नाव छापले जाईल? ते नाव नोंदणीच्या यादीत बसते का? कॉलेजचे स्वतःचे हॉस्पिटल आहे का, त्यात खाटा किती, डायलिसिसची यंत्रे किती? इंटर्नशिपचा काळ कागदावर लिहिला आहे का, आणि त्या काळात विद्यावेतन मिळते का? हे सारे प्राचार्यांना तर विचाराच, पण बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही विचारा. तिथली उत्तरे जास्त मोकळी असतात.

घरबसल्या पदवीच्या मोहात पडू नये. २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र, पोषण, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. कारण उघड आहे. शीर शोधायला बोट हाताला टेकवावे लागते. ते पोस्टाने शिकता येत नाही.

तिसरे वर्ष घ्यायचे का?

हा प्रश्न ज्या त्या घराने सोडवायचा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नातल्या गुणांत मोठी झेप असेल, मुलाची उमेद शाबूत असेल, घरावर कर्ज चढणार नसेल, तर आणखी एक प्रयत्न करण्यात गैर काही नाही. पण गुण जागच्या जागी असतील, मूल जेवणाच्या ताटावर गप्प बसत असेल आणि केवळ 'लोक काय म्हणतील' म्हणून तिसऱ्या वर्षाची फी भरली जात असेल, तर तिथे थांबावे. त्या वर्षी मुलाचे नुकसान फक्त बारा महिन्यांचे नसते.

आणखी एक प्रश्न मुलांनी स्वतःला विचारावा. आपल्याला नेमके काय आवडते? डॉक्टरांच्या नावापुढची ती दोन अक्षरे, की आजारी माणसाच्या जवळचे काम? ज्याला काम आवडते त्याने निवड करतानाही कामच पाहावे. बोलायला, धीर द्यायला आवडत असेल तर फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आहारशास्त्र, वाक्-श्रवण. शांतपणे, एकट्याने, अचूक काम करायला आवडत असेल तर लॅब. यंत्रांची हौस असेल तर रेडिओलॉजी, परफ्युजन, डायलिसिस. एक दिवस ओळखीने एखाद्या विभागात जाऊन नुसते बसून यावे. अनेक गैरसमज तिथेच गळून पडतात.

सोलापूरच्या त्या मुलीने फिजिओथेरपीला नाव घातले. पोपडे आलेल्या भिंतींच्या त्याच कॉलेजात. तिच्या खोलीत नीटच्या पुस्तकांचा गठ्ठा होता. तो तिने गल्लीतल्या एका अकरावीच्या मुलाला देऊन टाकला. जीवशास्त्राचे एक पुस्तक मात्र ठेवून घेतले. पहिल्या वर्षाला ते लागणारच होते.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा काका गावाहून फराळाला आले होते. झडप व्यवस्थित चालत होती, आयएनआरचा कागद खिशात होता. आजी पलंगावर बसून होती. तिने शेजारणीला सांगितले, "नात फिजिओथेरपी शिकते. पाच वर्षांचं शिक्षण आहे, कंपाउंडरचं नव्हे." मग लुगडे जरा वर घेऊन तिने दुखरा गुडघा पुढे केला. "बघ गं बाई, काय झालंय याला."

नात हसली. गुडघ्यावर नुसता हात ठेवून म्हणाली, "आजी, अजून मला हाडांची नावंच पाठ होतायत. आत्ता आपण आमच्या कॉलेजच्या ओपीडीत दाखवू. मी बघायचं, त्याला अजून चार वर्षं आहेत."

आजीने लुगडे खाली केले. "थांबते," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय?"